रेघ का चढली?

"अजून मार! कोपऱ्याला! अरे, कोपऱ्याला!"

"कोपऱ्यालाच मारतोय! कानाशी भोंगा वाजवू नकोस!"

फूटपट्टी स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कोपऱ्यावर रंधा चालवत होता. लाकडाच्या कुरळ्या ढलप्या खाली उभ्या असलेल्या भोंग्याच्या केसांत पडत होत्या. आणि भोंगा नावाप्रमाणेच अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात सूचना देत होता.

"झालं! ढकल आता!" फूटपट्टी म्हणाला.

भोंग्यानं दार ढकललं. दार आलं, आलं, आणि चौकटीला खट्‌कन अडकलं.

"तिसऱ्यांदा!" भोंगा किंचाळला. "शुक्रवारी तासलं, शनिवारी तासलं, आज सोमवार! असंच चाललं तर सुट्टी संपेपर्यंत दाराची पट्टी होईल!"

खिडकीत बसून एक बिघडलेलं गजराचं घड्याळ उघडत असलेल्या मुलीनं मान वर केली. तिला सगळे खटपट म्हणत. तिच्या हाती लागलेली कुठलीही वस्तू पाच मिनिटांत सुटी व्हायची. पुन्हा जोडली जायची की नाही, हा वेगळा प्रश्न.

तिघंही नववीत जाणार होती. सुट्टीत शाळेची कार्यशाळा उघडी असे आणि 'रचना आणि तंत्रज्ञान' या विषयाचा एक प्रकल्प तिथंच करायचा असे. या वर्षीचा विषय कार्यशाळेच्या सरांनी फळ्यावर लिहून ठेवला होता : 'एक खरीखुरी अडचण शोधा. ती सुटेल असं काहीतरी बनवा.' या सरांना काहीही विचारलं की ते उत्तर द्यायच्या ऐवजी "का?" असं विचारत. म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं का-सर!

"सर, दार पुन्हा अडकलं," फूटपट्टी म्हणाला.

"लाकूड फुगलं असेल," लेथ मशीन पुसता पुसता का-सर म्हणाले.

"सर, आज 'का' नाही विचारलंत?" खटपट म्हणाली. "मग मी विचारते. या रखरखीत उन्हात लाकूड फुगेल का? आणि फुगलं तर बाकीची दारं का नाही फुगली?"

का-सरांचा हात थांबला. मग ते हसले. "हरलो! उत्तर चटकन दिलं आणि चुकलं. आता तुम्हीच शोधा. वहीत लिहा, चित्र काढा. आणि रंधा खाली ठेवा. कारण कळेपर्यंत तासायचं नाही!"

फूटपट्टीनं खिशातली पोलादी पट्टी बाहेर काढली. (तो झोपतानाही ती उशाशी ठेवतो, असं त्याची आईच सांगायची.) त्यानं चौकटीचे चारही कोपरे मोजले. मग पुन्हा मोजले.

"दार सरळच आहे," तो हळूच म्हणाला. "चौकट वाकडी झालीय!"

हे दार कार्यशाळेतून शेजारच्या खोलीत उघडायचं. तिथं सुट्टीत छोट्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग भरे. दाराला लागूनच दोन्ही खोल्यांची मागची भिंत होती आणि भिंतीपलीकडं एका नव्या इमारतीसाठी दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल खड्डा खणला जात होता. दिवसभर तिकडून पंपाची घरघर ऐकू यायची.

तिघांनी मिळून भिंतीला टेकवलेलं फळ्यांचं कपाट बाजूला सरकवलं.

कपाटामागं भेग होती! जमिनीपासून तिरकी वर गेलेली, बोटाचं नख आत जाईल एवढी!

"सर!" भोंग्याच्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरल्या.

का-सरांनी भेगेवरून बोट फिरवलं. "जुनी आहे की नवी?"

"कसं कळणार?"

"तेच तर विचारतोय!"

खटपटनं कागदाची एक पट्टी कापली आणि भेगेवर आडवी, ताणून चिकटवली. "भेग गप्प बसली तर पट्टी गप्प बसेल," ती म्हणाली. "आता उद्या बघू."

मंगळवारी सकाळी पट्टी फाटलेली होती.

"भिंत हलतेय!" भोंगा म्हणाला, आणि या वेळी मात्र त्याचा आवाज अगदी लहान झाला. पलीकडच्या खोलीत त्याची सहा वर्षांची बहीण बटण चित्रं काढायला यायची.

"पण किती? आणि कधी?" फूटपट्टीनं वही उघडली. "पट्टी फाटली एवढंच कळलं. पट्टीला बोलता येत नाही."

"मग बोलणारं काहीतरी बनवू," खटपट म्हणाली.

बनवणं सोपं नव्हतं. भेग दिवसात केसभर हलत असली तर ती दिसणार कशी? तासभर डोकं खाजवल्यावर फूटपट्टीला मैदानावरचा सी-सॉ आठवला. "एक बाजू बोटभर आणि दुसरी हातभर असली तर? बोटभर बाजू जराशी खाली गेली तरी हातभर बाजू खूप वर जाईल!"

सायकलच्या चाकाची एक तार त्यांनी सरळ केली. भेगेच्या डावीकडं भिंतीत एक स्क्रू बसवला आणि तार त्यावर सी-सॉसारखी टेकवली. तिची आखूड बाजू भेग ओलांडून उजवीकडं, स्क्रूपासून एक सेंटिमीटर पुढं आली आणि तिथं, वरून टेकेल असा, एक खिळा ठोकला. लांब बाजू डावीकडं वीस सेंटिमीटर.

"म्हणजे उजवीकडची भिंत एक मिलिमीटर खचली तर..."

"टोक वीस मिलिमीटर वर जाईल! वीस पट!"

"शाब्बास," का-सर म्हणाले. "पण रात्री टोक कोण बघत बसणार?"

तिघांची तोंडं उतरली. मग खटपटची नजर तिनं उघडून ठेवलेल्या गजराच्या घड्याळाकडं गेली.

"घड्याळ बघत बसेल!" ती ओरडली.

तिनं घड्याळ दुरुस्त केलं आणि उताणं ठेवलं. तासकाट्याच्या जागी डबा उभा केला, डब्याभोवती आलेखाचा कागद गुंडाळला. तारेच्या टोकाला स्केचपेनचं टोक बांधलं. तासकाटा बारा तासांत एक फेरी मारतो, म्हणजे डबाही बारा तासांत एक फेरी मारणार आणि पेन रेघ ओढत राहणार. भिंत गप्प तर रेघ आडवी. भिंत हलली तर रेघ चढणार!

पहिल्या तासात डबा जड झाला आणि घड्याळ बंद पडलं. दुसऱ्या वेळी पुठ्ठ्याची नळी बसवली, तर पेन इतकं घासलं की नळी फिरेचना. तिसऱ्या वेळी पेनाच्या जागी शाई भरलेला पक्ष्याच्या पिसाचा पोकळ दांडा लावला. संध्याकाळी सहा वाजता कागदावर निळी रेघ सरकू लागली.

"बोलायला लागली रे भिंत!" भोंग्यानं दोघांना मिठी मारली. शाई तिघांच्याही कपड्यांना लागली.

बुधवारी सकाळी तिघं धावतच आली. रात्रभराची रेघ अगदी आडवी, तळ्यातल्या पाण्यासारखी! कागद बदलला. दहा वाजेपर्यंत तीच आडवी रेघ. आणि दहानंतर ती हळूच चढू लागली. संध्याकाळी पाचपर्यंत चढतच राहिली आणि पुन्हा आडवी झाली.

"दहा ते पाच," फूटपट्टी म्हणाला. "दहा ते पाच काय असतं?"

"ऊन!" भोंगा म्हणाला. "उन्हानं भिंत तापत असेल."

"रस्त्यावरचे ट्रक?" खटपट म्हणाली.

"आणि तो पंप," फूटपट्टी म्हणाला. भिंतीपलीकडून दिवसभर घरघर चालूच होती.

का-सरांनी तिन्ही कारणं वहीत लिहायला लावली. "तीन संशयित! आता यातला खरा कोण, ते कसं ठरवणार? पंप बंद करायला तर कोणी देणार नाही."

गुरुवारी ते आपोआप ठरलं. गुरुवारी पलीकडच्या कामाला सुट्टी असे. ऊन तेवढंच होतं, ट्रकही तेवढेच धावत होते. फक्त पंप गप्प होता.

रेघ दिवसभर आडवी राहिली!

"पंपच!" तिघं एकदम ओरडली. पण लगेच खटपटच्या कपाळावर आठी पडली. "पंप तर खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर काढतो. पाणी काढल्यानं भिंत कशी खचेल?"

शुक्रवारी सकाळी पंप सुरू झाल्यावर तिघं फाटकाबाहेर गेली. पंपाचा जाड पाइप रस्त्याकडेच्या गटारात पाणी सोडत होता. पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ होतं. फूटपट्टीनं काचेची बाटली भरली, तारीख आणि वेळ लिहिली आणि बाटली पायरीवर ठेवली. अर्ध्या तासात बाटलीच्या तळाशी दोन बोटं रेती बसली.

"ही रेती कुठून येते?" भोंग्यानं विचारलं. तिघांनी एकदमच मागं वळून शाळेच्या भिंतीकडं पाहिलं.

बाटली घेऊन ती मुकादमाकडं गेली. मुकादम खुर्चीवर बसून पेपरानं वारा घेत होता.

"काका, पंपातून रेती जातेय. आमच्या भिंतीखालची असेल."

"हो का? मोठे इंजिनिअर आले की!" मुकादम हसला. "पाण्यात माती असतेच, पोरांनो. आणि पंपाच्या तोंडाला जाळी आहे. पहिल्या दिवसापासून! जा, खेळा जा."

"मग आमच्या भिंतीला भेग का पडली?"

"भेग? एवढंच ना? आत्ता गवंडी पाठवतो. बुजवून देईल!"

आणि खरंच, दुपारी गवंडीकाका सिमेंटचं घमेलं घेऊन आले. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. "बघा, किती चांगली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "आता रोज उठून भेग-भेग करू नका. छोट्यांचे पालक घाबरतील."

"पण मोठ्या बाई, रेघ..."

"भेग बुजली की प्रश्न मिटला!" म्हणून त्या निघूनही गेल्या.

खटपटनं गवंडीकाकांची विनवणी केली. "काका, हा स्क्रू आणि हा खिळा तेवढा राहू द्या ना! मधे सिमेंट नका लावू."

गवंडीकाकांनी यंत्राकडं पाहिलं. मग खाली बसून नीट पाहिलं. "हे तुम्ही केलंत? तारेवर?" आणि त्यांनी हातभर जागा सोडून बाकीची भेग बुजवली. घमेलं उचलता उचलता ते पुटपुटले, "माझं नाव घेऊ नका. जाळी चौथ्याच दिवशी काढून टाकली. सारखी तुंबायची, काम थांबायचं. काम तपासायला इंजिनिअर मॅडम शनिवारी बाराला येतात. त्यांच्यापुरता सगळा थाटमाट असतो."

शनिवार म्हणजे उद्याच!

"मॅडमना नुसतं सांगून भागणार नाही," फूटपट्टी म्हणाला. "मुकादम हो म्हणतील आणि हसतील. दाखवायला हवं."

त्या संध्याकाळी कार्यशाळेत माशांची जुनी काचेची पेटी बाहेर निघाली. तिच्यात ओली रेती दाबून भरली, एका बाजूला खड्डा केला आणि खड्ड्याच्या काठावर एक वीट उभी ठेवली. वीट म्हणजे शाळेची भिंत. खटपटनं खड्ड्यात पाणी ओतलं आणि हातपंपाच्या नळीच्या तोंडाला फडक्याचा तुकडा बांधून उपसायला सुरुवात केली. पाणी आलं. वीट ढिम्म.

"आता फडकं काढ," का-सर म्हणाले.

फडकं काढलं. पाण्याबरोबर रेती येऊ लागली. वरून काहीच दिसत नव्हतं. पण काचेतून दिसत होतं : विटेच्या खाली एक पोकळी हळूहळू आत शिरत होती. आणखी चार वेळा पंप दाबला आणि वीट कलली!

कोणी टाळी वाजवली नाही. भोंगा नुसता त्या कललेल्या विटेकडं बघत राहिला.

"बटण त्या खोलीत बसते," तो म्हणाला.

शनिवारी दहाला पंप सुरू झाला. साडेदहाला खटपट ओरडली, "इकडे या!"

रेघ चढत नव्हती, उभीच निघाली होती! बुधवारी दिवसभरात जेवढी चढली, तेवढी आज अर्ध्या तासात! कालच्या नव्या सिमेंटवरही केसासारखी भेग उमटली होती.

का-सर मोठ्या बाईंकडं धावले. पण भेग बुजवून दिली म्हणून आभार मानायला, बाराला येणाऱ्या इंजिनिअर मॅडमना घेऊन यायला त्या आधीच बाहेर पडल्या होत्या. आणि पलीकडं छत्तीस मुलं जमिनीवर बसून चित्रं रंगवत होती.

"ओरडलो तर छोटी घाबरून दाराशी गर्दी करतील," फूटपट्टी म्हणाला. "ओरडायचं नाही."

"ओरडायचं!" भोंगा म्हणाला. "पण वेगळं!"

त्यानं कपाटातून फुग्यांच्या हवेवर धावणाऱ्या पुठ्ठ्याच्या गाड्या काढल्या. गेल्या महिन्यात सहावीच्या मुलांनी बनवलेल्या. टोपलीभर गाड्या घेऊन तो चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि छातीभर श्वास घेतला.

"ऐका हो ऐका! फुग्यांच्या मोटारींची शर्यत! आत्ता! मैदानावर! पहिल्या दहांना गाडी मिळणार! पण जो धावेल तो बाद! रांगेनं चालेल तोच खेळेल!"

चित्रकलेच्या ताई काही विचारणार, तोच का-सरांनी त्यांच्या कानात दोन शब्द सांगितले. ताईंचा चेहरा पांढरा पडला, पण त्या हसतमुखानं म्हणाल्या, "चला, रंग इथंच राहू द्या. रांग!"

दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. भोंग्यानं शेवटी बटणचा हात धरला. "दादा, माझं चित्र राहिलं ना!" ती कुरकुरली. "राहू दे. तू आधी चल," तो म्हणाला. बाहेर पडता पडता का-सरांनी दोन्ही खोल्यांची दारं बंद करून घेतली.

पावणेबाराला पंपाची घरघर अचानक थांबली. दहा मिनिटांनी का-सर एकटेच कार्यशाळेत जाऊन पेटी, बाटली आणि रेघांचे कागद बाहेर घेऊन आले. बाराला इंजिनिअर मॅडम आल्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नकाशाची गुंडाळी. मोठ्या बाई बरोबर होत्या. मैदानावर शर्यत पाहून त्या चकित झाल्या.

फूटपट्टी सरळ पुढं गेला. "मॅडम, पाचच मिनिटं! आमच्याकडं तीन वस्तू आहेत."

बाटली, काचेची पेटी आणि गुंडाळलेले आलेखाचे कागद. मॅडम आधी घड्याळाकडं पाहत होत्या. पेटीतली वीट कलली तेव्हा त्यांनी घड्याळाकडं पाहणं सोडलं. रेघांचे कागद हातात घेतले तेव्हा त्या खाली जमिनीवर बसल्याच. "ही गुरुवारची? आणि ही आजची?" त्यांनी विचारलं. मग उठून म्हणाल्या, "चला पंपाकडं."

मुकादम सामोरा आला. "नमस्कार मॅडम! पंप आज सुरूच केला नाही. साफसफाई काढली होती. आणि ही बघा जाळी. पहिल्या दिवसापासून पाण्यातच आहे!"

साफसफाईसाठी खड्ड्याबाहेर काढून ठेवलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळी होती. चकचकीत.

खटपट वाकली. "काका, पहिल्या दिवसापासून पाण्यात असूनही दुकानाचं कागदी लेबल कोरडं कसं हो?"

कुणीतरी मागं खुदकन हसलं. गवंडीकाका असावेत.

"ते... काल बदलली," मुकादम म्हणाला.

"आणि पंप?" भोंग्यानं पंपावर हात ठेवला आणि पटकन मागं घेतला. "हाय! भाजतोय!"

"उन्हानं तापला असेल!"

"पत्र्याच्या सावलीत?" फूटपट्टी म्हणाला. त्यानं आजचा कागद पुढं केला. "मॅडम, आज पंप दहाला सुरू झाला. पावणेबाराला बंद झाला. ही बघा, इथून रेघ आडवी. आम्ही सांगत नाही, भिंत सांगतेय."

मुकादम जाळीवरचं लेबल नखानं खरवडू लागला.

मॅडमनी त्याच्याकडं पाठ फिरवली. त्यांनी पंपाची वायर काढायला लावली आणि एक पहार मागवली. चित्रकलेच्या खोलीच्या दाराबाहेरच सगळ्यांना थांबवलं. स्वतः कडेकडेनं दोन पावलं आत जाऊन त्यांनी पहारेनं फरशी वाजवली. ठक. ठक. ठक. मग भिंतीजवळ : डब्ब!

तिथल्या फरशीच्या सांध्यावर त्यांनी पहार दाबली. फरशीचा तुकडा खाली पडला. तो तळाशी पोचल्याचा आवाज यायला वेळ लागला. पहार भोकातून सरळ अर्धी आत गेली आणि कशालाही टेकली नाही.

दाराबाहेर ताईंच्या कडेवर बटण होती. "दादा, माझी जागा!" ती म्हणाली. "मी रोज तिथंच बसते."

मोठ्या बाईंनी चौकटीचा आधार घेतला.

मग सगळं भराभर झालं. दोन्ही खोल्यांना कुलूप लागलं. संध्याकाळपर्यंत भिंतीला लोखंडी टेकू लागले. पुढच्या आठवड्यात फरशीखालच्या पोकळीत गाड्याच्या गाड्या काँक्रीट गेलं. मुकादमाला कामावरून काढलं आणि पंप पुन्हा सुरू झाला तो मॅडमनी स्वतः जाळी तपासल्यावरच.

सोमवारी मोठ्या बाईंनी सगळ्या मुलांना आणि पालकांना मैदानावर बोलावलं. "मी भेग बुजवून घेतली आणि प्रश्न मिटला असं समजले," त्या म्हणाल्या. "या तिघांनी प्रश्न मिटू दिला नाही, म्हणून छत्तीस मुलं आज इथं हसत उभी आहेत. मुलांनो, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंग्याच्या आईनं त्याला जवळ घेतलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आवाज फुटेना. "मीसुद्धा पहिल्या दिवशी लाकूड फुगलं म्हणून मोकळा झालो होतो," का-सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

कार्यक्रम संपल्यावर इंजिनिअर मॅडम तिघांजवळ आल्या. "आमच्याकडं भेग मोजायची महागडी उपकरणं आहेत," त्या म्हणाल्या. "पण ती रस्त्यापलीकडच्या तीन घरांच्या भिंतींवर लावायला पुरणार नाहीत. त्या लोकांनाही आता धास्ती वाटतेय. तुमच्या यंत्रासारखी तीन यंत्रं करून द्याल? शुक्रवारपर्यंत?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"वीस पट कमी पडेल," फूटपट्टी म्हणाला. "तीस पट करू."

"नको, तार लवलवेल! त्यापेक्षा छत्रीची काडी घेऊ," खटपट म्हणाली.

"घड्याळं कुठून आणणार?" भोंगा ओरडला. आवाज परत आला होता. "सांगा ना सर!"

का-सर चालता चालता थांबले. त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि कार्यशाळेची किल्ली खटपटच्या हातात ठेवली.